खात्रीचं बी

माघ लागला की आमच्या घरी रोज डेंगळ्यांची भाजी असायची. सकाळी बाजरीच्या भाकरीबरोबर आणि संध्याकाळी ज्वारीच्या. डेंगळा म्हणजे कांद्याच्या पातीतून वर येणारा पोकळ दांडा. त्याच्या टोकाला पुढे फुलांचा पांढरा गोंडा फुटतो. गोंडा मिटलेला असतानाच मोडला तर तो कोवळा असतो. आई तो बोटभर चिरायची, लसणाच्या फोडणीत टाकायची आणि वरून बेसन पेरून झाकण ठेवायची. आत फसफस सुरू झाली की वास पार गोठ्यापर्यंत जायचा. पहिले काही दिवस आम्ही भावंडं ताट पुसून खायचो, मग कंटाळायचो आणि शेवटी चिडायचो. पण आई ढिम्म हलायची नाही. म्हणायची, "लोकांनी आपल्यासाठी मोडू दिलेलं हाय, टाकून द्यायचं व्हय?" आज माझी सून यवतच्या बाजारातून डेंगळ्याची एखादी जुडी आणते तेव्हा घरात सणासारखं होतं, आणि मी मात्र तोंड वाकडं करते. एका जन्मात माणसानं किती डेंगळे खावेत यालाही काही मर्यादा असते.

एवढे डेंगळे यायचे कुठून, तर गावभरातून. माझ्या वडिलांना आम्ही आणि सगळा गाव आबा म्हणायचा. आबा कांद्याचं बी करायचे. घोड नदीच्या अंगाला, शिरूर तालुक्यात आमचं गाव. कांदा सगळेच लावायचे, पण बी करायचं ते आमच्याच घरी. कांदे साठवायच्या लांबट कुडाच्या खोलीला आमच्याकडे बराख म्हणतात. त्या बराखीत पावसाळाभर जे कांदे कडक राहिले, ना सडले ना त्यांना मोड आले, असे गरवे, म्हणजे उशिरा येणारे पण टिकणारे, कांदे आई हातानं निवडायची. दिवाळीनंतर ते पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना फुलं येऊ द्यायची आणि चैत्रात गोंडे वाळले की खळ्यावर चोळून बी काढायचं. सुपात बी पाखडताना होणारी ती चर्र चर्र अजून माझ्या कानात आहे. यात अडचण एकच होती. मधमाशीला बांध कळत नाही. शेजारच्या रानात भलत्या जातीचा कांदा फुलला तर माशी तिकडून उठून आमच्या गोंड्यावर येऊन बसते आणि बियात भेसळ होते. ते बी दिसतं तसंच काळंभोर आणि उगवतंही तसंच. पण पुढं जमिनीतून निघतात ते जोडकांदे, नाहीतर बराखीत टाकल्या टाकल्या मोड फुटणारे. हे घेणाऱ्याला कळतं तेव्हा त्याचं वर्ष गेलेलं असतं.

म्हणून आमच्या घरात एक रीत होती. फुलांचे दिवस जवळ आले की आबा आणि आई जोडीनं आजूबाजूच्या प्रत्येक रानात जायचे. आईच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि पुरणपोळ्यांची दुरडी असायची. त्या घरच्या बाईला कुंकू लावायचं, पोळ्या द्यायच्या आणि आबांनी म्हणायचं, "यंदाबी तेवढं डेंगळं फुलू देऊ नगा." याला आमच्याकडे शेजार मागणं म्हणत. मग आम्ही मुलं टोपल्या घेऊन रानोमाळ हिंडायचो आणि दिसेल तो डेंगळा मोडून आणायचो. कुणाला काही सक्ती नव्हती. तरी नजर पोचेल तिथवर एकही परका गोंडा फुलत नसे. ज्या चुलतघराशी आमचा बांधावरून दावा चालू होता, त्या घरची काकूसुद्धा मला हाका मारून सांगायची, "कुसे, खालचं वाफं राह्यलं बग तुजं!" बांधासाठी कोर्टात आणि बियासाठी एकत्र, असा आमचा कारभार. मला त्या गावाचा आजही अभिमान वाटतो.

आबांचं बी शिरूरच्या बाजारात न्यायची वेळच येत नसे. चैत्रात दारात एक जुनं घमेलं ठेवलेलं असायचं, त्यात त्याच वर्षीचं मूठभर बी पेरलेलं. येणारा माणूस त्यातले हिरवे कोंब बघायचा, धोतराच्या सोग्याला हात पुसायचा आणि पिशवी पुढं करायचा. प्रश्न कुणी विचारत नसे. घमेल्यावरून फक्त बी उगवतं की नाही एवढंच कळायचं. कांदा कसा निघेल ते घमेलं सांगू शकत नाही. ते आबांच्या शब्दावर चालायचं.

मी लग्नाला आले होते त्या वर्षीच्या कार्तिकात आमच्याकडे आप्पा आले. दौंड तालुक्यातले, यवतच्या बाजूचे. उंच, आवाज खणखणीत, बसले की आधी पटका मांडीवर काढून ठेवायचे. कुणाच्या तरी बराखीत आमच्या बियाचा कांदा त्यांनी पावसाळा संपताना पाहिला होता आणि पत्ता काढत ते थेट घरी आले होते. भीमेच्या पलीकडं आमचं बी तोवर गेलं नव्हतं. आप्पा म्हणाले, सगळ्या वाडीला पुरेल एवढं लागेल. आबांनी शब्द दिला. मग जेवणं झाली, मी वाढत होते, आणि आप्पांनी भाकरी मोडता मोडता मला दोन-चार प्रश्न विचारले. पुढच्या खेपेला ते मुलालाच घेऊन आले. मुलगा शांत होता, पाणी पिऊन तांब्या सरळ ठेवला त्यानं, उपडा टाकला नाही. मला तो आवडला. सरळच सांगते, फार आवडला. ठरलं असं की चैत्रात आप्पा बी न्यायला येतील त्याच दिवशी सुपारी फोडायची.

आमच्या बीप्लॉटच्या उगवतीला उसाचा मोठा फड होता. तो साखर कारखान्याला जायचा. त्याच्या पलीकडचं रान ज्याचं होतं तो माणूस पुण्याकडं कामाला गेलेला, घरालाही कुलूप. तिथं कायम ज्वारी असायची, म्हणून शेजार मागायला तिकडं कुणी गेलं नव्हतं. फाल्गुनात ऊसतोडीची टोळी आली. तोड चालू असली की उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, वाढं म्हणतात त्याला, आणायला गावातल्या पोरीबाळी फडात जायच्या. मीही गेले. दुपार होती. फड जवळजवळ तोडून आडवा झाला होता, आणि वर्षभर ज्याच्यापलीकडं काही दिसत नव्हतं तिथून मला पांढरं रान दिसलं. त्या माणसानं वाट्यानं रान दिलं होतं, वाटेकऱ्यानं लवकर येणारा, न टिकणारा हळवा कांदा लावला होता, भाव पडला तसा तो काढलाच नाही, सोडून दिला. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसले ते फक्त डेंगळेच डेंगळे, माणसाच्या कमरेएवढे, काही गोंडे वाळायला लागलेले, काही अजून फुललेले, आणि त्यांच्यावर माश्यांचा घुमणारा आवाज.

डोक्यावर वाढ्याचा भारा होता, मान अवघडली होती, तरी मी तो खाली टाकला नाही. उभीच राहिले. आमच्या गोंड्यात तेव्हा बी भरलं होतं. मला सगळं समजलं. कुणी सांगायची गरज नव्हती, मी त्याच घरात वाढले होते. आणि हेही समजलं की तोडकरी परमुलखातले, चार दिवसांत निघून जातील, वाटेकरी हे रान नांगरून टाकेल, मग इथं काय होतं हे कुणालाच कळणार नाही. चैत्रात सुपारी होती.

घरी आले, भारा गोठ्यात टाकला आणि आबांना सांगितलं. ते दोरी वळत होते. दोरी तशीच खाली ठेवून ते उठले, मला बरोबर घेतलं आणि आम्ही फडापलीकडं गेलो. त्यांनी एक गोंडा तोडला, तळहातावर चोळला, फुंकर मारली आणि बराच वेळ हात तसाच धरून उभे राहिले. येताना सगळ्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "बरं झालं, तू सांगाया आलीस."

दिवेलागणीला घरात वाद झाला. वाद घालणारे म्हणजे माझे चुलते, नाना. नाना वाईट माणूस नव्हता, उलट घरातला सगळ्यात बोलका आणि मायेचा. तो म्हणाला, "दादा, मधी एवढा उंच ऊस व्हता. माशी काय उसावरनं उडून येती व्हय? तिकडं फुलं हाईत, तर ती तिकडंच ऱ्हाईल."

आबा म्हणाले, "आली आसंल."

"आन् नसंल आली तर?"

"तरीबी आली आसंल."

"आरं, पर पोरीचं काय? आप्पाला काय सांगणार? शब्द दिलाय तू. आपल्या घरातनं कवा शब्द मोडलाय का?"

नानाचं खोटं नव्हतं. शब्द पाळायचा तर संशयाचं बी द्यायचं, आणि बी द्यायचं नाही तर शब्द मोडायचा. दोन्हीकडून इमानच जात होतं. तेव्हा चुलीपुढं बसलेली आई बोलली. भाकरी थापायची तिनं थांबवली नाही. "भाऊजी, भरवसा लोकान्ला आपल्यावर हाय. पर खात्री आपल्याला आपल्या बियाची पायजे. आपलीच खात्री न्हाई आन् त्येंचा भरवसा घ्यायचा, म्हंजी चोरीच की ती." नाना माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "मग पोरीला तरी इचारा." कुणी विचारलं नाही. मला ते आवडलंही. विचारलं असतं तर निवाडा माझ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं.

माझ्या नातीला गेल्या महिन्यात शाळेत 'विश्वासार्हता' या विषयावर बोलायचं होतं. तिनं फोनवर शब्द काढले: विश्वास, निष्ठा, प्रामाणिकपणा, सचोटी, आणखी कितीतरी. मला वाचून दाखवत म्हणाली, "आजी, सगळ्यांचा अर्थ एकच आहे." मी म्हटलं, अजिबात नाही. आमच्या घरात विश्वास हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तो अर्जाच्या खाली लिहायचा असतो, 'आपला विश्वासू', आणि त्याच्याखाली सही करणारे कसले कसले लोक असतात ते मी पाहिलेत. आमच्याकडचे शब्द वेगवेगळ्या कामाचे होते. शब्द देता येतो, इमान राखावं लागतं, भरवसा दुसऱ्यानं ठेवायचा असतो आणि खात्री आपल्या आपण करून घ्यायची असते, ती दुसरं कुणी करून देत नाही. नातीनं यातलं काहीच भाषणात घेतलं नाही. बाईंना आवडणार नाही म्हणाली.

चैत्रात आप्पा आले ते एकटे नाही, त्यांच्या वाडीतली माणसं बरोबर होती, प्रत्येकाच्या खांद्यावर रिकामी पिशवी. आईनं पाणी दिलं. घमेल्यातले कोंब त्या वर्षी उगाचच फार सुरेख आले होते, एकही जागा मोकळी नव्हती. आबांनी आधीच निरोप धाडायला हवा होता असं मला वाटत होतं, पण त्यांचं म्हणणं, असली गोष्ट तोंडावर सांगायची असते. आप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवायच्या आत आबा म्हणाले, "आप्पा, यंदा बी न्हाई."

"न्हाई म्हंजी? दारात तर हिरवंगार दिसतंय."

आबांनी सगळं सांगितलं. ऊस, पलीकडचं रान, हळवा कांदा, माश्या. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. आप्पांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हंजी नक्की खराब हाय का?"

"नक्की ठावं न्हाई."

"मग चांगलंबी आसंल?"

"आसंल. पर मला सांगता येत न्हाई, आन् सांगता येत न्हाई ते मी देत न्हाई."

"पाव्हणं, तुम्ही तुमचा शब्द मोडला ते मोडला. पर मी वाडीत सांगून बसलोय! ह्या लोकान्ला पिशव्या घेऊन आणलंय. माझं तोंड कुठं दावू?" आबांनी हात जोडले. आबांना कुणापुढं हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दाराआडून मी ते बघत होते, आणि खरं सांगू, मला लाज वाटली नाही. तो माणूस माझा बाप आहे याचा मला त्या वेळेइतका अभिमान कधीच वाटला नव्हता. आप्पांनी विचारलं, "ते रान बघितलं कुणी?" आबा म्हणाले, "आमच्या कुसुमनं." आप्पांनी दाराकडं एकदा पाहिलं, पटका डोक्यावर चढवला आणि चहा न घेता निघून गेले. सुपारीचं नाव कुणी काढलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. बाहेर बोललं जाऊ लागलं की यांनी बी चोरून दुसऱ्याला दिलं, पाव्हण्यांना फसवलं. माझं लग्न मोडलं म्हणून बायका आईला धीर द्यायला यायच्या आणि आई त्यांना धीर देऊन परत पाठवायची. ते सगळं बी आबांनी आमच्याच रानात पेरलं. दुसरं रोप लावलंच नाही. नाना म्हणाला, थोडं तरी चांगलं बी विकत आणू, तर आबा म्हणाले, "लोकान्ला दिलं न्हाई ते का, हे आपल्याला तरी कळू दे." मी त्या वर्षी रोप लावलं, खुरपलं, पाणी धरलं, आणि मनात रोज एकच धाकधूक. कांदा चांगला निघाला तर आपण उगीच सगळं घालवलं असं होईल, आणि वाईट निघाला तर घरात वर्षभर ओढाताण. दोन्हीतलं काय व्हावं असं मला वाटत होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

काढणीला आम्ही सगळे रानात होतो तेव्हा बांधावर आप्पा उभे. न बोलावता आले होते, आणि एकटेच. कुणाला रामराम न करता ते वाफ्यात उतरले, खाली बसले आणि स्वतःच्या हातानं कांदे उपटू लागले. एक गोल, टणक. दुसरा जोड. तिसरा चांगला. चौथ्याच्या मधोमध डेंगळ्याचा जाड दांडा. ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत राहिले आणि आम्ही सगळे हात थांबवून बघत राहिलो. चांगले कांदे होते, पण वाईट इतके होते की एखादं घर बसलं असतं. शेवटी ते माझ्यापाशी आले. मी उठून पदर घेतला.

"पोरी, त्या दिवशी ते रान तूच बघितलंस न्हवं?"

"व्हय."

"सुपारी ठरलीया, हे ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग सांगू नये असं वाटलं न्हाई?"

आबा, आई, नाना, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "वाटलं."

"मग?"

"मग घरी येऊन सांगितलं."

आप्पा मोठ्यानं हसले. रानात पाखरं उडाली एवढ्यानं. आबांकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, वरीसभर मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता खाणार न्हाई. ह्यातलं जोडकांदं मला पोतं भरून द्या, वाडीत न्हेऊन दावतो, तुम्ही आमचं काय वाचवलं ते. आन् सुपारी कवा फोडायची ते बोला." आईनं तोंडाला पदर लावला. ती रडली ते मी एवढ्या वर्षांत तेव्हाच पाहिलं.

वैशाखात माझं लग्न झालं. त्या वर्षीचं नवं बी, ज्याचा शेजार आबांनी उसाच्या पलीकडंपर्यंत जाऊन मागितला होता, माझ्याबरोबर भीमा ओलांडून आलं. गोंडे तोडायला, चोळायला, पाखडायला मी होतेच. माझं सासर म्हणजे तेव्हा अगदी जुन्या वळणाचं. नव्या सुनेनं ओसरीवर यायचं नाही, परक्या माणसासमोर बोलायचं तर नाहीच. आज माझी सून पाटसला ऑफिसात जाते आणि फोनवर साहेबाला दरडावते, तिला हे सांगितलं तर ती हसते.

श्रावणात रोप टाकायचे दिवस आले आणि वाडीतली माणसं पिशव्या घेऊन आमच्या ओसरीवर जमली. मी आत चहाला आधण ठेवत होते. बाहेर कुणीतरी विचारलं, "आप्पा, बी कसं हाय यंदाचं? मागल्या टायमासारखं न्हाई ना?" मग आप्पांचा खणखणीत आवाज आला, "मला काय इचारता? माझ्या सुनंला इचारा." सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. आप्पांनी पुन्हा हाक मारली, "कुसुम, बाहेर ये."

मी पदर सावरून ओसरीवर गेले. माझ्या बापापेक्षा वयानं मोठी माणसं बसली होती, पटके, मिशा, हातात पिशव्या. कुणी हसलं नाही. कुणी मान फिरवली नाही. सगळे थांबले, आणि मी काय म्हणते याची वाट बघू लागले.